दोन ठिकाणी काम, दोन ठिकाणी कपात : कापलेला पैसा ३१ डिसेंबरच्या आत मागा

यंदाच्या वर्षावासात हिंगोलीतल्या एका विहारात दर रविवारी ग्रंथवाचन चालू होतं. एका रविवारी वाचन संपलं, चहा आला आणि एका मित्राने मोबाईल पुढे केला. हा मित्र सेट झालेला आहे, पीएच.डी. चालू आहे आणि दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी हिंगोलीत, दुपारनंतर वसमतच्या बाजूला. त्याचं म्हणणं असं होतं, की वर्षभराचं मानधन एकदम जमा झालं, पण दोन्हीकडून दहा टक्के कमी आलं. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "टॅक्स कापला." त्याने आम्हाला विचारलं, "माझं वर्षाचं उत्पन्न तीन लाखसुद्धा नाही. मग टॅक्स कसला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याला त्या वर्षी एक रुपयाही आयकर लागू नव्हता. तरी त्याचे २८,००० रुपये कापले गेले होते आणि ते परत मागायचे असतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी किती कापले होते, हे तर त्याने पाहिलंही नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात एका पगारावर घर चालवणारे तरुण किती उरलेत? दिवसा विनाअनुदानित शाळा, संध्याकाळी कोचिंग क्लास. दिवसा एखाद्या कार्यालयात एजन्सीमार्फत डाटा एंट्री, सुट्टीच्या दिवशी विम्याची एजन्सी. नर्सिंग झालेली बहीण एका खाजगी दवाखान्यात दिवसपाळी आणि दुसऱ्यात रात्रपाळी करते. बाबासाहेबांनीही १९२५ ते १९२८ या काळात वकिली सांभाळून मुंबईत बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. त्याच १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे कर हा विषय आपला नाही, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

कपात एका बिलावर, कर वर्षभरावर

सगळा घोटाळा एका गोष्टीमुळे होतो. आयकर माणसावर लागतो, त्याच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर. एप्रिल ते मार्च. पण कपात, म्हणजे टीडीएस, होते ती एकेका देयकावर. पैसे देणाऱ्याला फक्त त्याने दिलेले पैसे दिसतात. हिंगोलीच्या महाविद्यालयाला वसमतचं मानधन माहीत नसतं आणि वसमतला हिंगोलीचं. दोघेही आपापल्या कलमाप्रमाणे कापतात आणि तुमच्या पॅनवर सरकारकडे भरतात. हा पैसा तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला असतो. वर्ष संपल्यावर दोन्हीकडचं उत्पन्न एकत्र करून खरा कर किती, हा हिशोब तुम्हीच मांडायचा असतो. त्या हिशोबालाच विवरणपत्र म्हणतात, बोलीत रिटर्न. जास्त कापलं असेल तर परत मिळतं, कमी कापलं असेल तर भरावं लागतं. रिटर्न भरलंच नाही तर कापलेला पैसा तिथेच पडून राहतो.

कोणत्या कलमाखाली कापलं, हे ओळखणं पहिलं काम. आयकराच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन केलं की २६एएस आणि एआयएस अशी दोन पत्रकं मिळतात. त्यात कापणाऱ्याचं नाव, रक्कम आणि शेजारी एक कोड असतो. आपल्याकडे जे कोड वारंवार दिसतात ते असे.

१९२ म्हणजे पगार. इथे मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरतो, प्रमाणित वजावट आणि सूट वजा करतो आणि कर निघत असेल तरच कापतो. म्हणून दरमहा वीस-पंचवीस हजार पगार असलेल्याचं १९२ खाली काहीच कापलं जात नाही.

१९४-जे म्हणजे व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवेची फी. व्यावसायिक फीवर दहा टक्के कापतात. एका देणाऱ्याकडून वर्षाला ३०,००० रुपयांच्या वर गेलं की कपात सुरू. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली आहे. तुमचं एकूण उत्पन्न किती, हे इथे कोणी पाहत नाही. डॉक्टर असो की तासिकेवरचा प्राध्यापक, दहा टक्के म्हणजे दहा टक्के.

१९४-सी म्हणजे कंत्राटी काम. व्यक्तीला पैसे देताना एक टक्का. १९४-डी म्हणजे विम्याचं कमिशन. एजंटचं आधी पाच टक्के कापलं जाई, १ एप्रिल २०२५ पासून दोन टक्के कापतात.

आमच्या मित्राच्या २६एएसमध्ये दोन्ही ठिकाणी १९४-जे होतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एका महाविद्यालयाने १,६०,००० रुपये दिले, १६,००० कापले. दुसऱ्याने १,२०,००० दिले, १२,००० कापले. एकूण उत्पन्न २,८०,०००. त्या वर्षी नव्या कररचनेत तीन लाखांपर्यंत कर नव्हता आणि कलम ८७-एच्या सवलतीमुळे सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही कर शून्यच होत होता. म्हणजे पूर्ण २८,००० परत मिळण्यासारखे होते. इथे आणखी एक नियम आहे. उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरी वर्षात टीडीएस २५,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रिटर्न भरणं सक्तीचं होतं. "आमचं उत्पन्न कमी, आम्हाला रिटर्नची गरज नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच तासिका प्राध्यापकांना हा नियम लागू होतो.

कोड काय सांगतो

आम्ही समाजशास्त्र शिकलो, त्यामुळे या कोडकडे आम्ही फक्त पैशाच्या अंगाने पाहू शकत नाही. १९२ लिहिलं असेल तर कागदावर मालकाने तुम्हाला कर्मचारी मानलं आहे. १९४-जे किंवा १९४-सी लिहिलं असेल तर कागदावर तुम्ही बाहेरचे व्यावसायिक किंवा कंत्राटदार आहात. तेच काम, तीच खुर्ची, हजेरीपटावर तीच सही. पण कर्मचारी म्हटलं की भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, प्रसूती रजा हे प्रश्न उभे राहतात. व्यावसायिक म्हटलं की ते प्रश्नच मिटले.

एका कार्यालयात एजन्सीमार्फत काम करणाऱ्या तीन मुलींना गेल्या वर्षी आम्ही त्यांचं एआयएस उघडून दाखवलं. तोंडी त्यांना "तुम्ही आमच्या स्टाफ" असं सांगितलं होतं. पत्रकात १९४-सी होतं. त्यांना तोपर्यंत वाटत होतं की आपला पीएफ कुठेतरी जमा होत असेल.

केवळ कोडमुळे तुमचा कायदेशीर दर्जा ठरत नाही. वाद न्यायालयात गेला तर प्रत्यक्ष काम, देखरेख, हजेरी हे सगळं पाहिलं जातं. पण मालक तुम्हाला काय समजतो याचा त्याच्याच हाताने लिहिलेला पुरावा म्हणून ही पत्रकं दरवर्षी उतरवून जपून ठेवा. संघटनेचं काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

तासिका मानधनाबाबत महाविद्यालयांची पद्धत एकसारखी नाही. एक महाविद्यालय ते पगार धरून १९२ लावतं, दुसरं १९४-जे लावतं. तुमच्याकडे दोन्ही असतील तर गोंधळून जाऊ नका, पण फॉर्म बरोबर निवडा. फक्त पगार असेल, मग तो दोन ठिकाणचा का असेना, तर साधारणपणे आयटीआर-१ चालतो. १९४-जेचं उत्पन्न व्यावसायिक म्हणून दाखवायचं तर आयटीआर-३ कडे जावं लागतं. तो फॉर्म लांबलचक आहे, पहिल्या वर्षी जाणकार कर सल्लागाराकडून भरून घेतलेला बरा. त्याचा एक फायदा असा, की त्या उत्पन्नातून कामासाठी झालेला खरा खर्च वजा करता येतो : एसटीचा प्रवास, पुस्तकं, छपाई. बिलं मात्र हवीत. पगाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट १९४-जेच्या रकमेला मिळत नाही. सेवा केंद्रात घाईत आयटीआर-१ भरून १९४-जेची रक्कम पगार म्हणून टाकली, तर पत्रकाशी मेळ बसत नाही आणि परतावा अडकू शकतो. दहा मिनिटांत रिटर्न भरून देणाऱ्या केंद्रांत नेमकं हेच होतं.

दोन पगार असतील तर उलटा धोका

दोन्हीकडे १९२ असेल तर वेगळाच प्रकार होतो. हिंगोलीतून पुण्याला गेलेल्या एखाद्या भावाचा विचार करा. दोन ठिकाणी प्रत्येकी ४,८०,००० पगार. २०२४-२५ मध्ये दोन्ही मालकांनी स्वतंत्रपणे ७५,००० ची वजावट दिली, सात लाखांच्या आतली सवलत दिली आणि कर शून्य काढला. कोणीच काही कापलं नाही. पण माणूस एक, वजावट एकदाच, सवलतीची मर्यादाही एकच. एकूण ९,६०,००० मधून ७५,००० वजा केले की उरतात ८,८५,०००. त्यावर कर ३८,५०० आणि चार टक्के उपकर धरून ४०,०४०. वर आगाऊ कर न भरल्याचं दरमहा एक टक्का व्याज. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्याच्या बाबतीतही हेच घडतं.

यावर कायद्यात सोय आहे. दोन मालकांपैकी एकाला फॉर्म १२-बी मध्ये दुसऱ्या पगाराची माहिती द्यायची, म्हणजे तो एकूण धरून कर कापतो. एकीकडे पगार आणि दुसरीकडे १९४-जे किंवा १९४-डीची कपात असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२-बीएए देऊन ती कपात पगाराच्या ठिकाणी हिशोबात धरायला सांगता येते. २०२५-२६ या वर्षात नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या भावाला त्या वर्षासाठी काही भरावं लागणार नाही. दोन पगार मिळून पावणेतेरा लाखांच्या वर जाणाऱ्यांनीच त्या वर्षासाठी काळजी करायची आहे, आणि असे आपल्या जिल्ह्यात मोजकेच.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी एक सूचना. आयकर खातं तुम्हाला दुसऱ्या कामाची परवानगी विचारत नाही, पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ विचारतात. पूर्वपरवानगीशिवाय केलेलं दुसरं काम एआयएसमध्ये लेखी उमटतं, हे लक्षात ठेवा.

"रिटर्न भरलं तर सवलती जातील"

हे वाक्य आम्ही जवळपास प्रत्येक वस्तीत ऐकतो. आईचे लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील, धाकट्या भावाची शिष्यवृत्ती जाईल, म्हणून मुलगा २८,००० रुपये सोडून द्यायला तयार होतो. भीती समजण्यासारखी आहे, म्हणून नीट पाहू.

रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य कराचं रिटर्न भरणारा माणूस कर भरत नाही. पीएम किसानच्या अटीत मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना वगळलं आहे, रिटर्न भरणाऱ्यांना नाही. लाडकी बहीण योजनेच्या शासन निर्णयात दोन वेगळ्या अटी आहेत : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कुटुंबातला सदस्य आयकरदाता नसावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे.

आता कडू भाग. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर या योजनांची अडचण त्या उत्पन्नामुळे आहे, रिटर्नमुळे नाही. महाविद्यालयाने किंवा एजन्सीने पैसे दिल्याची नोंद तुमच्या पॅनवर आधीच झालेली आहे. तुम्ही रिटर्न भरा किंवा भरू नका, ती नोंद राहते. रिटर्न न भरल्याने लपत काहीच नाही, फक्त परतावा बुडतो. अडीच लाखांची ही मर्यादा आजच्या महागाईत तुटपुंजी आहे, आणि ती वाढवून मागणं हा खरा मुद्दा आहे. त्यावर निवेदनं द्यायला हवीत, मोर्चे काढायला हवेत. दोन तासिकांवर धावणाऱ्या मुलाने स्वतःचे पैसे सोडून देणं हे त्याचं उत्तर नाही.

शेतीबद्दलही विचारलं जातं. घरची हळद किंवा सोयाबीन विकून आलेल्या उत्पन्नावर आयकर नाही. पण ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आणि तुमचं इतर उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशोबात धरतात. संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप शिक्षणाच्या खर्चासाठीची शिष्यवृत्ती म्हणून कलम १०(१६) खाली करमुक्त असते. फेलोशिप चालू असताना तासिका घेता येतात का, हे मात्र फेलोशिपच्या अटींत पाहायचं.

आता करायचं काय

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती, ती गेली. उशिराच्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर उशिराचं शुल्क १,००० रुपये, त्यापुढे ५,०००. हजार रुपये देऊन २८,००० मिळत असतील तर विचार करण्यासारखं काही उरत नाही. ३१ डिसेंबरनंतर दार जवळजवळ बंद होतं. "अपडेटेड रिटर्न भरू" असं कोणी सांगेल, पण त्यात परतावा मागता येत नाही.

जुन्या वर्षांचे पैसे अडकलेल्यांसाठी एक अरुंद वाट आहे. खऱ्या अडचणीमुळे रिटर्न राहिलं असेल तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज पोर्टलवरूनच करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ही मुदत त्या त्या कर निर्धारण वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षं आहे. २०१९-२० या आर्थिक वर्षाचे पैसे मागण्यासाठी अर्जाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. मंजुरी मिळेलच असं नाही, पण आजारपणाची, घरातल्या मृत्यूची कागदपत्रं असतील तर अर्ज जरूर करा.

रिटर्न भरण्याआधी पॅन आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का, ते पाहा. बंद पॅनवर परतावा मिळत नाही, शिवाय कपातही २० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरं आणि पॅनवर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीने, असं सर्रास असतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आधी. बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून घ्या. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. ती केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि आमच्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडलेलं होतं.

फॉर्म १५-जी भरून दिला की कपात थांबते, असं महाविद्यालयांच्या कार्यालयातही सांगतात. बँकेच्या व्याजाला आणि विमा कमिशनला तो चालतो. पगाराला, १९४-जेला आणि १९४-सीला चालत नाही. तिथे आधीच कपात कमी करून हवी असेल तर फॉर्म १३ मध्ये आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

"परतावा काढून देतो, निम्मा माझा" म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. हे लोक राजकीय पक्षाला देणगी, घरभाडं, विमा अशा खोट्या वजावटी टाकतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या दाव्यांवरून देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. उत्पन्न चुकीचं दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि तो ज्याच्या नावाने रिटर्न आहे त्याला लागतो. एजंट नामानिराळा राहतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. त्यात पगाराच्या कपातीचं कलम ३९२ आणि बाकीच्या कपाती कलम ३९३ मध्ये एकत्र येतात. पूर्व वर्ष (प्रीव्हियस इयर) आणि कर निर्धारण वर्ष यांच्याऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द येतो. त्यानंतरच्या पत्रकात १९४-जे दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र जुनीच कलमं.

आमच्या मित्राने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिटर्न भरलं. एका महाविद्यालयाचे १६,००० त्याच्या पत्रकात बरोबर दिसत होते. दुसऱ्याने कापलेल्या १२,००० पैकी फक्त ७,००० दिसत होते; उरलेले चुकून दुसऱ्याच पॅनवर भरले गेले होते. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असं कलम २०५ सांगतं, पण तो पैसा तुमच्या नावावर यायला कापणाऱ्याने त्याचं टीडीएस विवरण दुरुस्त करावं लागतं. त्यासाठी त्याने मानधनाचं बिल आणि बँकेचा उतारा जोडून लेखी अर्ज दिला आहे आणि पोहोच घेतली आहे. २३,००० चा परतावा जमा झाला, शुल्काचे हजार वजा होऊन. पाच हजारांसाठी तो दर सोमवारी त्या कार्यालयात जाऊन विचारतो. आम्ही त्याला सांगितलं आहे, की नोव्हेंबरअखेर दुरुस्ती झाली नाही तर फॉर्म १६-ए ची मागणी करणारं दुसरं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवायचं.

डिसेंबरच्या चारही रविवारी वाचनानंतर आम्ही विहारातच बसणार आहोत. येताना पॅन, आधारशी जोडलेला मोबाईल, बँक पासबुक आणि दोन्ही ठिकाणची मानधनाची बिलं घेऊन या. पासवर्ड कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. स्वतःच्या हाताने टाका.